दसऱ्याची सुट्टी आणि वाळवंट : जोधपूर की जैसलमेर?

नाताळात राजस्थानात पाय ठेवायला जागा नसते आणि दिवाळीची तिकिटं आपल्याला मिळत नाहीत. उरतो दसरा. चार-पाच दिवस जोडून सुट्टी मिळते, हॉटेलांचे भाव अजून चढलेले नसतात आणि शाळेची सहामाहीही बहुधा आटपलेली असते. दरवर्षी आमच्या बिल्डिंगमधलं कुणी ना कुणी विचारतं, "पहिल्यांदाच जातोय. जोधपूर की जैसलमेर?"

मी दोन्ही शहरं ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातच पाहिली आहेत. आधी जैसलमेर, दुसऱ्या वर्षी जोधपूर. दोन्ही वेळा बरोबर बायको, दहा-अकरा वर्षांचा मुलगा आणि सत्तरीतली आई होती. त्यामुळे पुढचं सगळं ऑक्टोबरपुरतं आणि आमच्यासारख्या कुटुंबापुरतं धरा. डिसेंबरचं विचाराल तर माझं उत्तर कदाचित उलटं येईल.

आधी उन्हाबद्दल, कारण मुंबईकराची गफलत तिथेच होते. पश्चिम राजस्थानातून पाऊस साधारण १७ सप्टेंबरपासून माघार घेतो, मुंबईतून ८ ऑक्टोबरच्या सुमारास. म्हणजे आपण वांद्र्याला छत्री झटकत गाडीत बसतो तेव्हा तिकडचं आकाश दोन-तीन आठवड्यांपासून कोरडं असतं. दिवसा पारा छत्तीस-अडतीसपर्यंत जातो आणि घाम दिसतच नाही. जैसलमेरच्या गडीसर तलावावर सकाळी अकरा वाजता आई म्हणाली, "आपल्या दादरपेक्षा बरं आहे की, पदरसुद्धा ओला नाही." दुपारी तिचं डोकं ठणकायला लागलं. माझ्या शर्टावर मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटल्या होत्या. घाम येत होता, पण वाळून जात होता. तेव्हापासून आमच्या पिशवीत लिंबू-मीठ-साखरेच्या पाण्याची बाटली असते आणि ती तहान लागायच्या आधी प्यायची असते.

याचा अर्थ, दिवस दोन तुकड्यांत मिळतो : साडेसहा ते दहा आणि पाच ते आठ. मधली दुपार कुठेतरी सावलीत काढायची. माझ्या मते निवड इथेच होते. त्या दोन तुकड्यांत शहर काय देतं, आणि दुपारी तुम्हाला कुठे बसवतं?

सकाळच्या तुकड्यात जैसलमेरला तोड नाही, हे आधीच सांगून टाकतो. गडीसरच्या काठावर उजाडताना उभं राहिलं की समोरच्या टेकडीवरचा किल्ला राखाडी दिसतो, मग फिकट पिवळा, आणि दहा-पंधरा मिनिटांत हळद लावल्यासारखा उजळतो. किल्ल्यातल्या जैन मंदिरांमधलं कोरीवकाम बघताना मुलगासुद्धा गप्प झाला होता. पटव्यांच्या हवेलीपर्यंत चालत जाता येतं. सगळं हाताच्या अंतरावर, रिक्षाची गरज नाही. आणि त्या किल्ल्यात आजही माणसं राहतात, मुलं दप्तर घेऊन दरवाज्यातून खाली उतरतात. हवा पोळ नावाच्या दरवाज्यात खरोखर वारा येतो, म्हातारी माणसं तिथे ओट्यावर बसलेली असतात. आई त्यांच्यात जाऊन बसली आणि अर्धा तास उठली नाही.

मग माझं मत का फिरलं? संध्याकाळमुळे.

आम्ही किल्ल्यातली एक खोली फोनवर ठरवली होती. भाडं इतकं कमी होतं की मी दोनदा विचारून घेतलं. पोहोचल्यावर चहा आला, आणि चहाबरोबर प्रश्न आला, "सफारी कौन से दिन की लिख दूँ?" मी सांगितलं, आईला उंटावर बसवत नाही, आम्ही इथेच फिरणार आहोत. त्या क्षणापासून त्या माणसाचा चेहरा बदलला. जिना उतरताना विचारणा, चढताना विचारणा. जेवताना ताटाशेजारी छापील कागद. दुसऱ्या दिवशी सकाळी, "बाकी सब गेस्ट ने ले ली है, साहब." खोलीचं भाडं कमी का होतं ते तेव्हा कळलं : उरलेले पैसे सफारीतून यायचे होते. शेवटी बायको म्हणाली, घेऊन टाक, निदान जाता-येता बोलणं तरी थांबेल.

आता वेळेचं बघा. सम इथल्या वाळूच्या टेकड्या शहरापासून सुमारे ४० किलोमीटर. ऑक्टोबरात सूर्य साडेसहाच्या सुमारास मावळतो, म्हणून जीप चारला निघते, ऐन तापलेल्या उन्हात. तिथे सूर्यास्त, मग जेवण, लाऊडस्पीकरवरची गाणी, आणि परत यायला रात्रीचे दहा. सूर्यास्त वाईट नव्हता, मुलाला वाळूवरून घसरायला मजा आली, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण आमच्या तीनपैकी एक संध्याकाळ त्यात गेली. आधीची संध्याकाळ नाही म्हणण्यात गेली होती आणि नंतरची बॅगा भरण्यात. सोनेरी दगड मावळतीला कसा दिसतो, हे मी किल्ल्याच्या तटावरून धड पाहिलंच नाही. मुंबईत दिवसभर कुणीतरी आपल्या वेळेवर हात ठेवून असतं. सुट्टीतले ते तीन गार तास तरी माझे असावेत, एवढीच माझी अपेक्षा होती.

त्या लोकांचा हंगाम चार-पाच महिन्यांचा असतो आणि पोट वर्षभराचं, हे मला समजतं. सगळीकडे असाच अनुभव येईल असंही मी म्हणणार नाही. पण पुढच्या वर्षी तिकीट काढताना मला पहिली आठवण त्या कागदाची आली.

आणखी एक गोष्ट मनात सलते. हा किल्ला ११५६ साली वसवला गेला, तेव्हा पाणी खालून घागरींनी वर यायचं आणि जपून वापरलं जायचं. आता नळ, संडास, न्हाणीघरं आहेत, आणि झिरपणारं सांडपाणी पायथ्याच्या मऊ खडकात जातं. काही बुरूज ढासळलेही आहेत. २०१३ पासून तो युनेस्कोच्या यादीत आहे, पण वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड या संस्थेच्या धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत त्याचं नाव १९९६ सालीच आलं होतं. हे मी परत आल्यावर वाचलं. आधी वाचलं असतं तर खोली किल्ल्याखाली घेतली असती. तशीही पश्चिमेकडची ती दगडी भिंत रात्री बारापर्यंत तव्यासारखी ऊब देत होती.

जोधपूरला हा दुपारचा प्रश्न जवळपास सुटतो. कारण मेहरानगड. सकाळी नऊला दरवाजा उघडतो तेव्हा आत शिरायचं. वर जायला लिफ्ट आहे, आईला चढ लागला नाही. जाड भिंती, जाळीच्या खिडक्या, एका महालातून दुसऱ्यात जाणारे बोळ. उंच कड्यावर असल्यामुळे जाळीतून वारा सतत येत राहतो. हौदे, पालख्या, पाळणे, तलवारी बघत, ऑडिओ गाइड ऐकत आम्ही दीड-दोनपर्यंत आत होतो, आणि बाहेर अडतीस अंश आहेत हे विसरलो होतो. माझ्याकडे थर्मामीटर नव्हता, पण आईने पंखा मागितला नाही. माझ्या दृष्टीने ते मोजमाप पुरेसं आहे.

खरं ऑक्टोबरचं बक्षीस मात्र किल्ल्याच्या पायथ्याशी आहे : राव जोधा डेझर्ट रॉक पार्क. सुमारे ७० हेक्टरचा हा खडकाळ माळ वेड्या बाभळीने गिळला होता. खडकाच्या भेगांतून ती मुळासकट खणून काढली आणि जागी मरूभूमीतली मूळची झाडं लावली, २०११ साली तो लोकांसाठी खुला झाला. पावसाळ्यानंतरचे हे काही आठवडे तिथलं गवत, फुलं, थोरासारखी झुडपं सगळ्यात ताजी असतात. डिसेंबरातल्या प्रवाशाला हे दिसत नाही. सकाळी सातला तिथे आम्ही चौघं आणि एक माळी, एवढेच होतो.

संध्याकाळी तूरजीच्या झालऱ्यावर जायचं. ही अठराव्या शतकातली बारव, पायऱ्यांवर बसलं की पाण्याचा गारवा अंगाला लागतो. पोरं वरून उड्या मारतात. कुणी काही विकायला येत नाही असं नाही, पण एकदा नको म्हटलं की माणूस पुढे जातो. मी तिथे सलग दोन संध्याकाळी बसलो.

जोधपूरचा त्रास मी लपवत नाही. निळ्या घरांच्या गल्ल्या अरुंद आहेत आणि त्यातून मोटरसायकली हॉर्न वाजवत जातात. मान वर करून भिंत बघावी तर मागून पिंपिं. घंटाघराच्या बाजारात तर बोलणं ऐकू येत नाही. ज्याला शांततेसाठीच जायचं आहे त्याला हे खुपेल. नवचौकियाकडच्या गल्ल्या सकाळी आठच्या आत पाहिल्या तर बरंच निभतं.

नवरात्रातली एक खबरदारी : मेहरानगडातच चामुंडा देवीचं मंदिर आहे आणि घटस्थापनेपासून तिथे भाविकांची रीघ लागते. ३० सप्टेंबर २००८ रोजी, नवरात्राच्या पहिल्याच दिवशी, तिथल्या चेंगराचेंगरीत दोनशेहून अधिक माणसं गेली. म्हातारं माणूस किंवा लहान मूल बरोबर असेल तर पहिला दिवस आणि अष्टमी टाळून किल्ला बघा. उलट सुट्टी कोजागरीपर्यंत ताणता आली तर त्या सुमारास मेहरानगडात लोकसंगीताचा महोत्सव भरतो.

प्रवासाचं थोडक्यात : वांद्र्याहून सूर्यनगरी एक्सप्रेस रोज दुपारी निघते आणि सकाळी जोधपूरला सोडते. जैसलमेर तिथून आणखी पाचएक तास, रस्त्याने सुमारे २८० किलोमीटर. मुंबईहून जैसलमेरला थेट गाडी रोज नाही. चार दिवसांच्या सुट्टीत हे दहा तास जाण्यायेण्यात घालवायचे का, ते तुम्ही ठरवा. खाण्यात मी जोधपूरकडे झुकतो. मिरचीवडा आणि मावा कचोरी एकाच सकाळी खाऊ नका, एवढंच.

तरीही काही जणांना मी जैसलमेरच सुचवतो. तरुण जोडपं असेल, हातात सहा दिवस असतील, उंटावरून वाळूत जायची हौस असेल, तर जरूर जा. जाताना फलोदीजवळच्या खिचनला थांबा. सप्टेंबरपासून तिथे दूरदेशीचे कुरजां पक्षी, म्हणजे आपले करकोचे, उतरायला लागतात. गावकरी त्यांना दाणे टाकतात. आम्ही गेलो तेव्हा थवा लहान होता, पण मुलगा अजून त्यांच्याबद्दल बोलतो.

फक्त खोली ठरवताना फोनवर दोन गोष्टी विचारा. खोलीची भिंत पश्चिमेला आहे का? आणि आम्ही सफारी घेणार नाही, तरी भाडं हेच राहील ना? दुसऱ्याचं उत्तर मेसेजवर लिहून मागा.