'होस्ट फॅमिलीत राहून चायनीज शिका' म्हणणाऱ्या एजंटला एक रुपया देऊ नका (माझे ३,५२,३०० गेले)

आधी आकडे लिहिते कारण घरी अजून पूर्ण आकडा कुणालाच माहीत नाही. प्रोग्रॅम फी १,८५,०००, व्हिसा प्रोसेसिंग ३५,०००, 'रिफंडेबल' डिपॉझिट ६०,०००. जातानाचं तिकीट २७,६००, येतानाचं ३८,९००. वर ५०० युआन दंड, म्हणजे साधारण ५,८०० रुपये. परत काय मिळालं? शून्य.

एजंट पुण्यातलीच, ऑफिस चांगलं चकाचक, भिंतीवर चीनला गेलेल्या मुलामुलींचे फोटो. मी पुण्यात एचएसकेची (चायनीजची परीक्षा) तिसरी लेव्हल केलेली, चाकण-रांजणगावच्या कंपन्यांत इंटरप्रिटर व्हायचं होतं आणि त्यासाठी बोलणं सुधारायला तिथे राहणं गरजेचं, हे कुणीही सांगेल. मॅडम म्हणाल्या चीनमधल्या चेंगडूला पाच महिने, सकाळी युनिव्हर्सिटीत क्लास, बाकी वेळ चायनीज फॅमिलीत घरच्यासारखं राहायचं. पैसे तीन टप्प्यात घेतले, यूपीआयने, त्यांच्या पर्सनल अकाउंटवर. पावतीवर फक्त 'कन्सल्टन्सी' लिहिलेलं. (ही पावती पुढे काय दिवे लावते ते बघाच.)

आता ती गोष्ट जी आठवली की अजून डोकं भणभणतं. पासपोर्ट हातात आला फ्लाइटच्या अगदी तोंडावर आणि व्हिसाच्या स्टिकरवर कॅटेगरी होती एल. एल म्हणजे टुरिस्ट. राहायची परवानगी ३० दिवस. अहो पाच महिन्यांच्या कोर्सला ३० दिवसांचा टुरिस्ट व्हिसा! १८० दिवसांपर्यंतच्या शिक्षणाला एक्स टू लागतो आणि त्याला युनिव्हर्सिटीचं ॲडमिशन लेटर लागतं, त्याहून जास्त असेल तर एक्स वन आणि सोबत जेडब्ल्यू २०२ (स्टुडंट व्हिसासाठीचा चीनचा सरकारी फॉर्म), हे आता मला झोपेतून उठवलं तरी सांगता येतं. तेव्हा मी विचारलं होतं, गप्प नव्हते बसले. मॅडमचा व्हॉइस नोट अजून जपून ठेवलाय, "अगं टेन्शन नको घेऊस, तिथे गेल्यावर कन्व्हर्ट होतो, आम्ही सगळ्यांचं असंच करतो." २०२४ चा सप्टेंबर, डायरेक्ट फ्लाइट बंद, बँकॉकवरून तिकीट काढलेलं, २,८०,००० भरून झालेले, बाबांची एफडी मोडलेली. तुम्ही काय केलं असतं? घरी बसला असतात? जे आता मला शहाणपण शिकवतात त्यांनी आधी हे सांगावं.

व्हिसाचं स्टिकर स्वतः वाचा. कॅटेगरी एक्स नसेल तर विमानात बसू नका, तिकीट गेलं तर जाऊ दे.

चेंगडूला घर मोठं होतं, आजी प्रेमळ, जेवण छान (तिथली ती जिभेला मुंग्या आणणारी मिरी आपल्या तिरफळाच्याच जातीची आहे). पण आजी बोलायची सिचुआनी, म्हणजे तिथली बोली, त्यातलं मला दहातलं एकही वाक्य कळायचं नाही. युनिव्हर्सिटी म्हणजे एका ऑफिस बिल्डिंगमधलं कोचिंग सेंटर, आठवड्यातून दोनदा क्लास. आणि संध्याकाळी घरातल्या आठ वर्षांच्या मुलाशी इंग्लिश बोलायचं, आधी 'थोडा वेळ', मग रोज तीन तास, मग त्याचा होमवर्क, शनिवार-रविवार वेगळा. मला वाटलं लँग्वेज एक्स्चेंज आहे, पाहुणचार घेतोय तर एवढं करावं.

चीनमध्ये हॉटेलबाहेर राहिलात तर २४ तासांत पोलीस स्टेशनला रजिस्ट्रेशन करावं लागतं, घरमालक सोबत येतो. आमची घरमालकीण बाई रोज 'उद्या जाऊ' म्हणायची. ३० दिवस संपत आले तसं मी व्हिसा वाढवायला निघाले तर तिथे पहिला कागद मागितला तो हाच. मी हट्टच धरला, तेव्हा बाई भडकली आणि वीचॅट (तिकडचं व्हॉट्सॲप) उघडून माझ्यापुढे एजंटच्या तिकडच्या माणसाशी झालेला करार धरला. तिने माझ्यासाठी १८,००० युआन भरले होते! घरात राहून इंग्लिश शिकवणारी, लंडनमध्ये वाढलेली टीचर म्हणून. आणि वर मलाच विचारतेय की तुझे उच्चार असे कसे. मी मिरजेची आहे हो.

तर धंदा हा आहे. २०२१ च्या जुलैत चीन सरकारने शाळेच्या विषयांच्या खासगी शिकवण्यांवर टाच आणली आणि त्याच वर्षी घरात राहून शिकवणाऱ्यांवरही बंदी घातली, पण पालकांना इंग्लिश हवंच असतं, म्हणून चोरून मुली हव्यात. एजंट दोन्हीकडून पैसे खातो. आणि पकडलं गेलं तर विनापरवाना काम केलं म्हणून दंड ५,००० ते २०,००० युआन, जास्तच झालं तर ५ ते १५ दिवस कोठडी, आणि ती मला, पुण्यात बसलेल्या एजंटला नाही. म्हणजे तिथल्या पोलिसांकडे तक्रार करायची तरी कशी? मी फक्त उशिरा रजिस्ट्रेशनचे ५०० युआन भरले, हॉस्टेलवर राहिले आणि मुदत संपायच्या आत निघाले कारण जास्त राहिलं की दिवसाला ५०० युआन.

आपल्या दूतावासवाल्यांना मेल केला. उत्तर काय, हा खासगी वाद आहे, स्थानिक पोलिसांशी संपर्क साधा. वा!

पुण्यात आल्यावर तर कहरच. पहिल्या चौकीत, "घटना चीनमध्ये घडली, आमची हद्द नाही." म्हटलं साहेब पैसे तर इथेच पुण्यात दिलेत, आणि नव्या कायद्याप्रमाणे कुठल्याही ठाण्यात एफआयआर घेता येते ना? तर मलाच विचारतात वकील आहेस का. दुसरीकडे, "ऑनलाइन पेमेंट आहे, सायबरला जा." सायबरमध्ये, "तुम्ही स्वतःहून पैसे पाठवले, ओटीपी चोरला नाही, हे सायबर नाही." पुन्हा चौकीत, आता नवे साहेब, त्यांनी ती पावती बघितली आणि म्हणाले, "कन्सल्टन्सीचे पैसे घेतले, कन्सल्टन्सी दिली, सिव्हिल मॅटर आहे." मॅडमना फोन लावला तर साहेबच त्यांच्याशी हसून बोलत होते. नोकरीसाठी परदेशी पाठवणाऱ्या एजंटला सरकारी रजिस्ट्रेशन तरी लागतं, शिक्षणाच्या नावाखाली पाठवणाऱ्याला तेही नाही, मग धरणार कोणाला! शेवटी लेखी अर्ज घेतला, पोच मागितली तर शिक्का नाही म्हणे. पोलीस स्टेशनमध्ये शिक्का नाही!! वकील बघायला गेले तर त्यांचे सुरुवातीलाच २५,००० आणि तारखा वेगळ्या. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवलीये, बघू.

फी नेहमी युनिव्हर्सिटीच्या खात्यावर, बँकेतून स्विफ्टने (परदेशी ट्रान्सफर), तिथल्या ऑफिसशी स्वतः मेलवर बोलून, आणि तो मेल जीमेलवरून आला तर तिथेच थांबा. परदेशी विद्यार्थी घ्यायची परवानगी असलेलं कॉलेजच एक्स व्हिसाचे ते कागद देऊ शकतं, कोचिंग सेंटर नाही. होस्ट फॅमिलीशी एजंटशिवाय व्हिडिओ कॉल करा आणि थेट विचारा की तुम्ही किती पैसे भरलेत. घरात इंग्लिश शिकायचं मूल असेल तर समजून जा.

गेल्या आठवड्यात मॅडमचा मेसेज आला, गूगलवरचा रिव्ह्यू काढलास तर २०,००० देते. काढणार नाही. ज्यांच्याकडे तशीच 'कन्सल्टन्सी'वाली पावती असेल त्यांनी माझ्यासोबत तक्रारीवर सही करा, एकटीच्या पैशांना कोणी विचारत नाही, दहा जणांचे मिळून झाले तर आर्थिक गुन्हेवाल्यांना तरी घ्यावी लागेल.