बिलावर 'न्यू जेड' दिसलं तर तिथूनच उठा

आधी आकडा सांगून टाकतो, म्हणजे लाज एकदाची संपेल. १,३०,८०० रुपये. 'जेड' या हिरव्या मौल्यवान दगडाचा म्हणून विकलेला गरम दगडांचा मसाज बेड १,२४,५००, घरपोच आणायचे १,५०० आणि 'बीपीसाठी' हिरव्या मण्यांची माळ ४,८००. त्यातले २१,००० यूपीआयनं, १,०३,५०० चेकनं (एफडी मोडून), ६,३०० रोख. पावती फक्त बेडची.

पद्धत तुम्हाला ठाऊकच आहे. भाड्याचा गाळा, तिथल्या बेडवर महिनाभर फुकट झोपायचं, टाळ्या, 'काका-काकी', आणि शेवटच्या आठवड्यात 'आजच्यापुरता भाव'. हिचे गुडघे गेलेत, ऑपरेशनला ही घाबरते. तिथून आल्यावर दोन तास बरं वाटायचं. गरम पाण्याच्या पिशवीनंही वाटतं, हे आता कळतंय. पण वर्षभरात पहिल्यांदाच ही कठड्याला न धरता जिना चढताना दिसली, तेव्हा तुम्हीही एफडी मोडली असती. हसायचं असेल त्यांनी खुशाल हसावं.

खरी टोचणी वेगळीच आहे. मी १९८१ साली इथल्याच, बडोद्याच्या एम. एस. विद्यापीठातून जिऑलॉजी घेऊन बी.एस्सी. झालो. पुढं सगळा जन्म बँकेत गेला, तरी दगड म्हणजे दगड.

विसाव्या दिवशी गाळ्यातल्या विकणाऱ्या पोरानं दोऱ्याला छोटं लोहचुंबक बांधून बेडच्या एका दगडाजवळ धरलं. चुंबक सरकन दगडाकडे ओढलं गेलं. 'जोयुं काका? नॅचरल एनर्जी!' सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा.

अरे, जेड कशाला चुंबक ओढेल? दगडातले काळे ठिपके मॅग्नेटाइटचे, म्हणजे चुंबकाला ओढल्या जाणाऱ्या लोहखनिजाचे होते, आणि हिरव्या दगडात असे ठिपके कधी येतात हा आमच्या परीक्षेतला प्रश्न होता! प्रावरणातल्या पेरिडोटाइट खडकात ऑलिव्हीन नावाचं खनिज असतं. त्यात पाणी मुरलं की त्याचं सर्पेंटाइन हे हिरवं, मऊ खनिज बनतं, लोहाचा काही भाग मॅग्नेटाइट होऊन बसतो आणि हायड्रोजन सुटतो. समुद्राच्या तळाशी हे आजही चालू आहे. पाणी पिऊन खडक फुगतो, तडकतो, तडांत नव्या शिरा भरतात. त्यातून ती सापाच्या कातडीसारखी नक्षी येते आणि नावही तिच्यावरूनच. राजस्थानात ऋषभदेव-केसरियाजीला सहलीत सरांनी हाच दगड हातात दिला होता. बाजारात त्याला 'ग्रीन मार्बल' म्हणतात, मार्बल नसताना. 'बोटं फिरवा, साबण लागेल,' सर म्हणाले होते. बेडवरचे दगडही साबणासारखेच लागत होते. मी महिनाभर त्यांच्यावर पाठ टेकून झोपलो आणि बोट एकदाही फिरवलं नाही.

घरी आल्यावर शहाणपण सुचलं. सोबत एक सुटा दगड 'गिफ्ट' मिळाला होता. चाकूच्या टोकानं ओरखडा सहज उठला. खरं जेड म्हणजे नेफ्राइट किंवा जेडाइट ही खनिजं, त्यांच्यावर साधा चाकू चालत नाही; दहापैकी त्यांचं काठिण्य ६ ते ७, सर्पेंटाइन बहुधा ३ ते ४ च्या घरात. मग स्वयंपाकघरातला वजनकाटा घेतला. दगड ६२ ग्रॅम. काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून दगड दोऱ्यानं आत अधांतरी धरला, आकडा २४ नं वाढला, म्हणजे दगडाएवढ्या पाण्याचं वजन २४ ग्रॅम. ६२ भागिले २४, म्हणजे दगड पाण्याच्या २.५८ पट जड. नेफ्राइट ३ च्या आसपास येतं, जेडाइट ३.३. पाच मिनिटांचं काम, तेही पैसे देऊन झाल्यावर.

ओरखडा काढायचाच तर दगड ओला करून काढा. आणि शिरेत रेशमासारखे बारीक धागे दिसले तर हातच लावू नका. सर्पेंटाइनमध्ये सिलिकाचा थर आणि मॅग्नेशियमचा थर मापात बसत नाहीत, मॅग्नेशियमचा मोठा पडतो. त्याच्या लिझार्डाइट या प्रकारात पापुद्रा कसाबसा सपाट राहतो, अँटिगोराइटमध्ये लाटा पडतात, क्रायसोटाइलमध्ये सरळ गुंडाळी होऊन नळी बनते. त्या नळ्या म्हणजे पांढरं अ‍ॅस्बेस्टॉस, फुप्फुसाच्या कॅन्सरचं कारण. माझ्या दगडात धागे दिसले नाहीत. पण 'खडबडीत वाटला तर पॉलिश पेपर मारा' असं ते पोरगं सगळ्यांना सांगत होतं!

आता बिल. त्यावर स्वच्छ छापलंय : 'न्यू जेड स्टोन बेड'. मी वाचलं होतं. मला वाटलं न्यू म्हणजे नवाकोरा, सेकंडहँड नव्हे. 'न्यू जेड' हे सर्पेंटाइनचंच व्यापारी नाव आहे. बँकेत छत्तीस वर्षं लोकांना 'सही करण्याआधी वाचा' सांगत आलो.

चौकीत गेलो तर साहेब बिल बघून म्हणाले, 'काका, आमां तो लखेलुं छे.' लिहिलेलंच आहे, मग फसवणूक कसली? अर्ज घ्यायला तीन खेपा. सायबरवाल्यांकडे पाठवलं, ते म्हणाले, समोरासमोर खरेदी केलीत, आमचा विषय नाही. वजनमापवाल्यांनी विचारलं, वजन कमी भरलं का? वजन बरोबर आहे हो, दगड खोटा आहे! बँकेत (माझ्याच!) म्हणाले, चेक तुम्हीच दिलात. एका टेबलावर तर 'पण काकींना बरं वाटलं ना?' असं हसत विचारलं. घरी येऊन मी जेवलो नाही. पदरचे ९०० घालून रत्नतपासणी केली, कागदावर सर्पेंटाइन आलं, तर म्हणे हा रिपोर्ट सुट्या दगडाचा, बेडाचा कुठाय? ऐंशी किलोचा बेड लॅबमध्ये नेऊ का?

ग्राहक आयोगात मात्र पाच लाखांपर्यंत फी नाही आणि दोन वर्षांची मुदत आहे. तक्रार टाकलीय. रोख देऊ नका. माळेची पावती नाही, म्हणून ती तक्रारीत मांडताच आली नाही. 'हे नेफ्राइट किंवा जेडाइट आहे' असं बिलावर लिहून मागा. लिहीत नाहीत तेव्हा उत्तर मिळालंच.

गाळ्याला कुलूप आहे. परवा मांजलपूरच्या साडूचा फोन आला. त्यांच्या सोसायटीसमोर नवं केंद्र उघडलंय, सकाळी सात ते अकरा, महिनाभर फुकट. साडूबाई तीन दिवस जाऊन आल्यात, गुडघ्याला बरं वाटतंय म्हणे.