२,२४९ चे बड्स माइक म्हणून वापरले: फोनवर मस्त, लॅपटॉपवर माठातला आवाज

गाणी ऐकायला मी हे कानात घालायचे ब्लूटूथ बड्स घेतलेच नव्हते हे आधीच सांगतो, कारण गाण्यांचा रिव्ह्यू पाहिजे असेल तर पुढे वाचण्यात काही मजा नाही. मला पाहिजे होता माइक. आमच्याकडे नागपुरात मार्च संपता संपता कूलर लागतो तो थेट पावसापर्यंत, खिडकीतला मोठा डेझर्ट कूलर, त्याची घरघर, त्यात पंपाची कुरकुर वेगळी. आठवड्यातले तीन दिवस घरून काम, आणि लॅपटॉपच्या माइकमधून समोरच्याला आधी कूलर ऐकू जायचा आणि मग उरलंसुरलं मी. पुण्याच्या मॅनेजर मॅडमनी एकदा एवढ्या काळजीने विचारलं, "तुम्ही प्रवासात आहात का, नंतर बोलूया का?" आणि मी सक्करदऱ्याच्या घरात बनियनवर बसलेलो. त्या संध्याकाळीच बर्डीच्या बाजारात गेलो.

दुकानातला पोरगा हुशार होता पण त्याने मला चुकीचीच गोष्ट विकायला घेतली. "भाऊ हे घ्या, पन्नास डीबी नॉइज कॅन्सलेशन आहे, कूलर सोडा, वरातीतला डीजे नाही ऐकू येणार." मी म्हटलं मला नाही रे, समोरच्याला ऐकू नाही आला पाहिजे. तो म्हणे, "एकच झालं ना भाऊ." नाही ना झालं! डब्यावर ठळक छापतात ते एएनसी, ते तुमच्या कानासाठी, बाहेरचा आवाज तुमच्यापर्यंत पोचू नये म्हणून. तुमच्या माइकमध्ये शिरलेला कूलर गाळतं ते ईएनसी, आणि ते डब्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात असतं. पन्नास डीबीचा (डेसिबल, आवाजाचं माप) आकडा एएनसीचा, माइकशी त्याचा काही संबंध नाही. तसंच ते "क्वाड माइक" लिहिलेलं, म्हणजे चार माइक, म्हणजे एका कानात दोन. त्यातला एक साधारण तोंडाच्या दिशेचा आवाज धरतो, दुसरा आजूबाजूचा, आणि दोघांची तुलना करून चिप ठरवते की माणूस कोणता आणि कूलर कोणता. मी ईएनसीवाले घेतले, एका देशी कंपनीचे, नाव लिहीत नाही कारण खाली जे रडगाणं आहे ते बहुतेक सगळ्याच बड्सचं आहे.

फोनवर मात्र, खरं सांगतो, पैसे वसूल. वर्धा रोडवर मेट्रोच्या त्या डबल डेकर पुलाखाली, जिथे हॉर्न वरून आपटून परत खाली येतात, तिथून मित्राला फोन लावला, तो म्हणे ट्रॅफिक ऐकू येऊन राहिली पण तू पण ऐकू येऊन राहिला. घरातल्या कूलरची घरघर तर पूर्ण गायब, कारण एकसारखा सुरू राहणारा आवाज गाळणं या चिपांना सगळ्यात सोपं जातं. भांडं पडलं, कुत्रं भुंकलं, कुकरची शिट्टी झाली, ते मधेच येतं, म्हणून ते गाळणीतून सुटतं. आणि एक गोष्ट मला दोन दिवसांनी कळली, कूलरच्या समोर बसायचं नाही. आवाज गाळता येतो हो, पण वारा थेट माइकच्या भोकावर आदळला की जो फडफडाट होतो तो चिपेला पण आवरत नाही, समोरच्याला वाटतं तुम्ही गाडीच्या खिडकीतून डोकं बाहेर काढून बोलून राहिले. खुर्ची दोन हात बाजूला सरकवली आणि प्रश्न मिटला.

आता लॅपटॉप. इथे माझा मूड गेला.

सकाळी बड्स लावून गाणी ऐकून राहिलो होतो, आवाज एकदम भारी, मीटिंग जॉइन केली आणि त्याच क्षणी सगळं जग पत्र्याच्या डब्यात गेलं. लोकांचा आवाज चपटा, आणि माझा त्याहून वाईट. ऑफिसमधला एक अमरावतीचा दोस्त आहे, त्याने म्यूट काढून सगळ्यांसमोर विचारलं, "तुहा आवाज काहून असा येऊन राहिला बे, माठात तोंड घालून बसला का?" मला वाटलं पीस खराब निघाला. दुकानात परत न्यायला निघालोच होतो पण आधी थोडं वाचलं, आणि बरं झालं वाचलं.

गोष्ट अशी की ब्लूटूथमध्ये आवाजाचे दोन वेगळे रस्ते आहेत. एक गाण्याचा, ए२डीपी म्हणतात, तो रुंद आहे पण वन वे, लॅपटॉपकडून कानाकडे, परत यायला जागाच नाही. दुसरा फोन कॉलचा, एचएफपी, तो दोन्हीकडून चालतो पण गल्ली आहे, इतवारीतली गल्ली समजा. तुम्ही बड्सचा माइक चालू केला की लॅपटॉप मोठा रस्ता सोडून गल्लीत घुसतो, मग जाणारा आवाज पण गल्लीतूनच आणि येणारा पण गल्लीतूनच. म्हणून माइक लागताच गाण्याची क्वालिटी पण पडते, तो बिघाड नाही, ते तसंच बनवलेलं आहे. या गल्लीचा जुना प्रकार सेकंदाला ८,००० नमुने घेतो, म्हणजे ४,००० हर्ट्झच्या वरचं काहीच जात नाही, जुन्या लँडलाइनसारखं. २०११ च्या सुमारास १६,००० वाला प्रकार आला, एमएसबीसी, तो बऱ्यापैकी आहे. पण दोन्ही बाजूंना तो येत असेल तरच, एक बाजू जुनी निघाली की गाडी परत ८,००० वर.

हे किती खरं आहे ते धाकट्या भावाच्या डेस्कटॉपवर कळलं. त्याच्या पीसीत ब्लूटूथ नाहीच, त्याने एक स्वस्तातला यूएसबी डोंगल लावलेला. त्यावरून मी कुरिअरवाल्याशी नेट कॉलवर बोललो, पत्ता सांगितला सक्करदरा, तो म्हणे, "फक्करदरा? हे कुठे आलं सर?" चार वेळा सांगितलं. स ची बरीचशी सळसळ ४,००० हर्ट्झच्या वर असते, ती कापली की स चा फ ऐकू येतो. शेवटी म्हटलं सक्करदरा तलाव, दादा, तलाव! त ला काही त्रास नव्हता.

मग लॅपटॉपवर करायचं काय? माझा उपाय ऐकायला उलटा वाटेल. बड्स ऐकायला ठेवा, आणि मीटिंगच्या सेटिंगमध्ये माइक मात्र लॅपटॉपचाच निवडा. बड्सचा माइक कोणी मागितलाच नाही तर ते मोठ्या रस्त्यावरच राहतात, तुम्हाला लोक स्वच्छ ऐकू येतात, आणि लॅपटॉपच्या माइकचा कूलर आजकाल झूम, मीट ही अ‍ॅप्सच बरीचशी गाळून घेतात. विंडोज १० वर हे कळायला सोपं होतं, एकाच बड्सची दोन नावं दिसायची, एक स्टिरिओ आणि एक हँड्स फ्री, हँड्स फ्री निवडलं की माठ. विंडोज ११ मध्ये एकच नाव दिसतं आणि अदलाबदल आतल्या आत होते, त्यामुळे माणसाला कळतच नाही की काय झालं. आता तुम्ही म्हणाल मग बड्स घेतले कशाला, तर हो, हा प्रश्न आईनेही विचारला.

डब्यावर ब्लूटूथ ५.३ छापलंय म्हणून खूश होऊ नका हे पण सांगून ठेवतो. हा दोन रस्त्यांचा घोळ मिटवणारी गोष्ट आहे एलई ऑडिओ, तिची सोय ५.२ पासून, म्हणजे २०२० पासून आहे, पण ती ऐच्छिक आहे. नुसत्या आकड्यावरून ती आहे की नाही कळत नाही, एलई ऑडिओ किंवा एलसी३ (त्याचाच कोडेक, आवाज दाबून पाठवायची पद्धत) असं लिहिलेलं पाहिजे, आणि तुमच्या लॅपटॉपमध्ये पण ते पाहिजे. माझ्या बड्सवर आकडा आहे, बाकी काही नाही.

व्हिडिओचा किस्सा छोटा आहे. तर्री पोह्याच्या ठेल्यावर एक रील करायची होती, फोन मित्राच्या हातात, मी दहा पावलं लांब, कानात बड्स, मोठ्या ऐटीत बोलून राहिलो. घरी येऊन पाहिलं तर माझा एक शब्द नाही, मित्र मात्र स्पष्ट, "तर्री जास्त टाका काका." बहुतेक अँड्रॉइड फोनचा कॅमेरा बड्स जोडलेले असले तरी आवाज स्वतःच्याच माइकने घेतो. सॅमसंगच्या काही फोनमध्ये प्रो व्हिडिओत ब्लूटूथ माइक निवडता येतो, आयफोनला आयओएस २६ पासून एअरपॉड्स ४ आणि एअरपॉड्स प्रो २ ने कॅमेऱ्यात आवाज घेता येतो. माझ्याकडे यातलं काही नाही. तेव्हापासून मी काहीही रेकॉर्ड करायच्या आधी नखाची टेस्ट करतो, रेकॉर्डिंग लावायचं, बडवर नख घासायचं, मग फोनच्या खालच्या भोकाजवळ घासायचं, ऐकून पाहायचं, जिथली खरखर मोठी तो माइक चालू. व्हॉइस नोटसाठी पण हेच, कारण कोणतं अ‍ॅप कोणता माइक घेईल याचा नेम नाही.

सगळ्यात जास्त शिकवलं ते मोठ्या आईने. ती धरमपेठेत राहते, गाणं शिकवते, तीन विद्यार्थिनी ऑनलाइन आहेत. मी म्हटलं मोठी आई, हे लावून बघ, कूलरचा आवाज नाही जाणार. तिने लावले, टेबलावर तानपुऱ्याचं अ‍ॅप सुरू केलं आणि सा लावला. पलीकडून पोरगी म्हणते, "ताई, तानपुरा बंद केला का?" तानपुरा मस्त सुरू होता! ईएनसीच्या लेखी तानपुरा आणि कूलर एकच, दोन्ही एकसारखे सुरू, दोन्ही गाळा. त्याहून पुढे, मोठ्या आईने दहा सेकंद सा धरला तर पाचव्या सेकंदाला तो पण विरायला लागला, मशीनला वाटलं ही पण घरघरच. चाळीस वर्षं रियाज केलेल्या बाईचा सा कचरा म्हणून काढून टाकला म्हणजे बघा. झूममध्ये संगीतवाल्यांसाठी ओरिजिनल साउंडचा पर्याय आहे, तो लावला, पण तो झूमची गाळणी बंद करतो, बड्सच्या आतली नाही, आणि माझ्या बड्सच्या अ‍ॅपमध्ये ती बंद करायचं बटणच नाही. शेवटी तिने बड्स डबीत ठेवले, माझ्या हातात दिले, आणि फोन पुस्तकांच्या गठ्ठ्याला टेकवून शिकवायला लागली. "तुझं यंत्र कानसेन नाही रे," एवढंच म्हणाली.

बाकी डिव्हाइसचं पटकन सांगतो. भाच्याच्या प्लेस्टेशन ५ ला ब्लूटूथ बड्स सरळ जोडताच येत नाहीत, माइक तर दूरच. त्याच्या कंट्रोलरमध्येच माइक आहे आणि साध्या वायरवाल्या इअरफोनचं भोक आहे, तेच वापरा. आमच्या टीव्हीला बड्स जोडले, आवाज आला, पण बोलून सर्च करायला माइक रिमोटमधलाच लागतो.

दोन डिव्हाइस एकाच वेळी जोडायचं फीचर आहे, मल्टिपॉइंट, ते मी आता बंद करून ठेवलंय. लॅपटॉपवर मीटिंग सुरू, फोन पण जोडलेला, आणि आईने माझा फोन घेऊन मामीने पाठवलेला भजनाचा व्हिडिओ लावला, बड्स लॅपटॉप सोडून थेट भजनाकडे. दीड मिनिट मला कळलंच नाही की मॅडम मला काही विचारून राहिल्या आहेत.

बॅटरीचं म्हणाल तर डब्यावरचे ५० तास डबीसकट आणि गाण्याचे आहेत, माइक चालू असला की लवकर संपते, मला सलग कॉलवर साडेतीन तासांच्या आसपास मिळाले. जास्त बोलायचं असेल तर एक कान वापरतो, दुसरा डबीत चार्ज होतो, मग बदलतो. मेमध्ये घामाने घसरतात, रबर लहान मापाचं लावलं तर थोडं थांबतं.

रेटिंग द्यायचं तर फोनसाठी ५ पैकी ४, लॅपटॉपसाठी २, गाणं शिकवायला मोठ्या आईला विचारा. परत नाही केले. दुपारी ते आईकडे असतात, ती अमरावतीच्या मामीशी बोलते, आणि बोलता बोलता उकडायला लागलं की कूलरसमोर जाऊन उभी राहते. मग मामी तिकडून ओरडते, "अवं वादळ सुटलं का तिकडं?" आणि मी उठून आईचा स्टूल बाजूला सरकवतो.