बनारसी साडीच्या नावाखाली वाराणसीत झालेली आमची फसवणूक

गेल्या डिसेंबरात मी आणि माझा धाकटा भाऊ पाच दिवसांसाठी वाराणसीला गेलो होतो. माझ्या लग्नानंतर आम्ही दोघांनीच मिळून केलेला हा पहिला प्रवास असल्याने देवदर्शनाइतकाच निवांतपणाचाही हेतू होता. पहाटे नावेतून घाट पाहावेत, उन्हे वर आल्यावर कचोरी-जिलबी खावी, दुपारी खोलीवर लोळावे आणि संध्याकाळी दशाश्वमेध घाटाच्या पायऱ्यांवर आरतीला बसावे, अशा क्रमाने पहिले तीन दिवस सुखात गेले. भोसले घाट, सिंधिया घाट आणि अहिल्याबाई होळकरांनी उभारलेले विश्वनाथाचे मंदिर पाहता पाहता गाव आपलेच वाटू लागले होते, आणि माझ्या मते आमचा सावधपणा नेमका तिथेच सुटला.

चौथ्या दिवशी दुपारी एकच्या सुमारास विश्वनाथाच्या दर्शनाला जाण्यासाठी अस्सीहून ई-रिक्षा केली. चालक अदबीने म्हणाला, "दीदी, मंदिर अभी बंद है, चार बजे खुलेगा." दुपारच्या भोग आरतीनंतर दर्शन पुन्हा सुरू होते, हे आम्हाला नंतर कळले. तोवर उन्हात कशाला थांबता, जवळच विणकरांची वस्ती आहे, पाहायला पैसे लागत नाहीत, असे सांगून त्याने आम्हाला एका अरुंद गल्लीतल्या घरी नेले. रिक्षाचे भाडे त्याने इतके कमी सांगितले होते की त्याचे खरे उत्पन्न दुसरीकडून येत असणार, ही शंका तेव्हाच यायला हवी होती.

पुढच्या खोलीत खड्ड्यातल्या हातमागावर एक वयस्क कारागीर खरोखर विणत बसला होता, आणि त्याचे काम अस्सल होते, यात मला आजही शंका नाही. फसवणूक त्याच्या मागच्या खोलीत होती. तिथे पांढऱ्या गाद्यांवर बसवून चहा दिला गेला आणि साड्यांच्या घड्या उलगडल्या जाऊ लागल्या. मी रेशमाच्या शुद्धतेविषयी विचारताच दुकानदाराने काडी ओढून एक धागा जाळून दाखवला. जळलेल्या केसांसारखा वास आला आणि उरलेली राख त्याने माझ्या बोटांवर चुरडून दाखवली. परीक्षा अगदी खरी होती, मात्र तो धागा त्याने शेजारच्या लडीतून घेतला होता, माझ्या मांडीवरच्या साडीतून नव्हे. हे माझ्या नजरेसमोर घडूनही मला दिसले नाही.

त्यानंतर त्याने मोर्चा भावाकडे वळवला. बहिणीला काशीहून रिकाम्या हाताने नेणार का, या एका वाक्याने तो विरघळला. भावाला वाटले, ताईला साडीतले कळते; मला वाटले, हा भाव करतो आहे म्हणजे याने सगळे तपासले असणार. खरे तर आम्ही दोघेही एकमेकांच्या भरवशावर बसून राहिलो. प्रत्येकी 18,000 रुपये सांगितलेल्या साड्या घासाघीस करून 9,000 प्रमाणे, अशा तीन साड्यांचे 27,000 रुपये आम्ही दिले. कार्डाचे यंत्र बंद आहे असे सांगून ती रक्कम एका खासगी व्यक्तीच्या नावावर मोबाइलवरून घेतली गेली. बिल म्हणून मिळालेल्या चिठोऱ्यावर जीएसटी क्रमांक नव्हता आणि रेशीम हा शब्दही नव्हता. "साडी 3 नग" एवढेच लिहिले होते.

आम्ही नाशिकचे असल्यामुळे जानेवारीच्या सुरुवातीला येवल्याला जाणे झाले, तेव्हा ओळखीच्या पैठणी विणकराला त्यांतली एक साडी दाखवली. त्याने साडी उलटी केली, काठ बोटांत धरून पाहिला आणि काही न बोलता पदराच्या टोकाचा एक धागा ओढून पेटवला. तो आक्रसत वितळला आणि टोकाला काळा, टणक मणी उरला. साडी यंत्रमागावरची, पॉलिस्टरची निघाली. वाराणसीला फोन केल्यावर उत्तर मिळाले, "हमने आर्ट सिल्क बोला था." आर्ट सिल्क म्हणजे कलाकुसरीचे रेशीम नसून कृत्रिम रेशीम, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांनी हा शब्द आवर्जून लक्षात ठेवावा.

बनारसी वस्त्रांना 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, परंतु दुकानाच्या पाटीवर तसे लिहिलेले असल्याने हातातली साडी अस्सल ठरत नाही. केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने 2004 पासून चालणाऱ्या सिल्क मार्क योजनेचे होलोग्राम असलेले लेबल त्या विशिष्ट साडीलाच लावलेले आहे का, हे पाहावे. हातमागासाठी हँडलूम मार्क वेगळा असतो. धागा जाळायचाच असेल तर तो आपण निवडलेल्या साडीच्या पदरातून, आपल्या हाताने काढावा. बिलावर कापडाचा प्रकार आणि जीएसटी क्रमांक लिहून घ्यावा, कारण राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर मी तक्रार नोंदवली तेव्हा मला सर्वांत नडला तो तो चिठोराच.

तक्रारीचा निकाल अजून लागलेला नाही. पुरावा म्हणून दोन साड्या मी घडीसुद्धा न मोडता ठेवल्या आहेत. तिसरी आईला दिली होती. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ती नेसून तिने शेजारणींना पदर दाखवला, "पोरांनी काशीहून आणली" असे सांगितले, आणि आम्ही दोघे तिळगुळाची ताटे नीट लावत राहिलो.