अंदमानात मार्लिनसाठी घेतलेली बोट : एका दिवसाचा अनुभव

साकोली तालुक्यातील एका मालगुजारी तलावाच्या काठी वाढलेल्या आम्हा पाच मित्रांना गळ नवा नाही. मरळ कुठे दबा धरून बसते आणि रोहू आमिषाला कसा टोचतो, हे आम्ही गावातील ढिवर बांधवांकडून लहानपणीच शिकलो. मार्लिनचा, म्हणजे भाल्यासारखी लांब चोच असलेल्या समुद्रातील मोठ्या माशाचा ध्यास मात्र फार जुना होता. त्यासाठी धानाच्या हंगामातील बचत बाजूला काढून आम्ही फेब्रुवारीत नागपूरहून चेन्नईमार्गे अंदमानात पोहोचलो.

तक्रार आधी नोंदवतो. ज्या मध्यस्थाकडून आम्ही बोट ठरवली, त्याने सर्व खर्च धरला असल्याचे सांगितले होते. प्रत्यक्षात पहाटे धक्क्यावर डिझेलचे वेगळे पैसे मागण्यात आले. दोघांना दुपारपर्यंत उलट्यांचा त्रास झाला. आदल्या रात्रीच गोळी घ्यावी, एवढे तरी त्याने कळवायला हवे होते.

बोट आणि तिचा तांडेल (बोट चालवणारा प्रमुख) यांच्याबद्दल मात्र मनापासून चांगलेच लिहावे लागेल. मार्लिन मिळेलच असे आश्वासन त्याने एकदाही दिले नाही. बोटीच्या दोन्ही बाजूंना काढलेल्या लांब काठ्यांवरून त्याने बनावट आमिषे मागे सोडली, ती लाटेच्या कोणत्या उतारावर फेस काढत राहिली पाहिजेत हे दाखवले आणि सुमारे आठ नॉटच्या वेगाने चार तास बोट चालवली. एवढा वेळ काहीच घडले नाही. नंतर एकाएकी रीलची, म्हणजे दोर गुंडाळायच्या चाकाची कर्कश घरघर सुरू झाली आणि शंभर-दीडशे मीटर मागे मासा पाण्याबाहेर उसळला.

तलावात मासा खेळवायचा तो हाताने. इथे निम्मे काम बोट करते, हे मला त्या पाऊण तासात कळले. मासा दोर ओढत दूर निघाला की तांडेल बोट मागे घेत त्याच्या दिशेने नेई, त्यामुळे आम्हाला दोर गुंडाळायला उसंत मिळे; मासा खोल गेला की तो बोटीचा कोन बदलून त्याला वर यायला भाग पाडी. रीलचा ब्रेक कुणीही आवळायचा नाही, अशी त्याची सक्त ताकीद होती.

मासा बोटीलगत आला तेव्हा त्याच्या अंगावरचे निळे पट्टे आतून दिवा लावल्यासारखे उजळले होते. आमच्यातील ढिवर मित्राने ओणवे होऊन छातीजवळचा पर दाबून पाहिला आणि म्हणाला, “भाऊ, हा पर तं मुडपतच नाही!” तांडेल म्हणाला, हीच काळ्या मार्लिनची खूण, इतर मार्लिनचे पर अंगालगत मिटतात.

त्याने मासा बोटीत घेतलाच नाही. हातमोजे घालून चोच धरली, गळ काढला आणि बोट अगदी संथ पुढे नेत ठेवली, कारण हा मासा पोहत असतानाच कल्ल्यांतून पाणी वाहते आणि त्याला प्राणवायू मिळतो. दमलेला मासा तसाच सोडला तर तो मरू शकतो. छायाचित्रासाठी मासा वर उचलण्याची विनंती त्याने स्पष्ट नाकारली. मला ते पूर्ण पटले. काही मिनिटांनी शेपटीत जोर आला, तेव्हाच त्याने चोच सोडली.

मध्यस्थाला वगळून पुढील फेब्रुवारीची तारीख आम्ही धक्क्यावरच थेट तांडेलाकडे नोंदवली.