मुलांना आत्ता द्यावं की मागे ठेवावं? अमेरिकेतल्या नव्या कर कायद्यानंतरचा हिशेब

गेली काही वर्षं अमेरिकेतल्या मराठी घरांत पैशाअडक्याचा विषय निघाला की एक सल्ला हमखास ऐकू यायचा: "२०२५ संपायच्या आत मुलांच्या नावावर करून टाका, नंतर सूट निम्मी होणार." त्यात तथ्य होतं. २०१७ च्या कायद्याने इस्टेट टॅक्स (माणसाने मागे ठेवलेल्या मालमत्तेवरचा कर) आणि गिफ्ट टॅक्स (हयातीत दिलेल्या भेटीवरचा, देणाऱ्याने भरायचा कर) यांची सूट दुप्पट केली होती, पण ३१ डिसेंबर २०२५ पर्यंतच. ४ जुलै २०२५ ला सही झालेल्या 'वन बिग ब्यूटिफुल बिल'ने ती मुदतच काढून टाकली. १ जानेवारी २०२६ पासून माणशी दीड कोटी डॉलरची सूट आहे, नवरा-बायकोची मिळून तीन कोटींची, आणि पुढे ती महागाईप्रमाणे वाढत जाईल. 'कायमची' म्हणजे संपायची तारीख नसलेली, एवढाच अर्थ घ्यायचा. २००१ मध्ये हीच सूट पावणेसात लाख डॉलर होती आणि २०१० मध्ये तर वर्षभर इस्टेट टॅक्सच नव्हता. उद्याची अमेरिकी संसद काय करील, याचा भरवसा कुणी द्यावा?

तरी घाई संपली, हे खरं. घर, शेअर्स, निवृत्तीची खाती आणि पुण्यातला फ्लॅट धरून ज्यांचा आकडा चाळीस-पन्नास लाख डॉलरच्या आत येतो, त्यांच्यासाठी ४० टक्क्यांचा फेडरल इस्टेट टॅक्स हा विषयच उरलेला नाही. उरला तो मुलांच्या डोक्यावरचा इन्कम टॅक्स. त्या बाजूने हिशेब मांडला की जुना सल्ला बरोबर उलटा होतो: किंमत वाढलेली मालमत्ता स्वतःकडे ठेवा, द्यायचं तर रोख द्या.

शेअर्स: इथेच खरा फरक पडतो

समजा, १९९८ मध्ये कंपनीकडून मिळालेले शेअर्स तुम्हाला ४० हजार डॉलरला पडले आणि आज त्यांची किंमत ६ लाख ४० हजार आहे. लेकीला घर घ्यायचंय म्हणून तुम्ही ते तिच्या नावावर केले. गिफ्ट टॅक्स शून्य. पण शेअर्ससोबत तुमची जुनी खरेदी किंमतही, म्हणजे बेसिस, तिच्याकडे जाते. तिने विकले की नफा सहा लाख. लेक-जावयाचं उत्पन्न आधीच अडीच लाखांच्या वर असेल, तर १५ टक्क्यांनी ९० हजार आणि त्यावर ३.८ टक्क्यांचा गुंतवणूक कर २२,८०० असे मिळून १,१२,८०० डॉलर झाले. नफ्याचा वरचा काही भाग २० टक्क्यांच्या पायरीत जाईल आणि राज्याचा कर वेगळा. म्हणजे हा आकडाही कमीत कमीच.

तेच शेअर्स तुमच्या पश्चात तिला मिळाले, तर तिची खरेदी किंमत मृत्यूच्या दिवशीच्या बाजारभावाइतकी धरली जाते. यालाच स्टेप-अप म्हणतात. दुसऱ्या दिवशी ६ लाख ४० हजारांना विकले तर नफा शून्य, कर शून्य. एका कुटुंबाचे लाखावर डॉलर केवळ 'कधी दिलं' यावर वाचतात किंवा जातात. पूर्वी इस्टेट टॅक्सच्या भीतीपुढे हे गणित मागे पडायचं, आता ती भीती नसताना वाढलेले शेअर्स हयातीत देणं बहुतेकांसाठी आतबट्ट्याचा व्यवहार आहे.

तोट्यातले शेअर्स मात्र देऊही नका, ठेवूही नका. स्वतः विका, तोटा स्वतःच्या रिटर्नमध्ये घ्या आणि पैसे द्या. पश्चात ठेवले तर स्टेप उलट खाली येतो आणि तोटा कुणालाच मिळत नाही.

हयातीत देणं कुठे शोभतं? मुलगा नुकता नोकरीला लागलाय किंवा पीएचडी करतोय आणि उत्पन्न बेताचं आहे, तिथे. २०२६ मध्ये एकट्या माणसाचं करपात्र उत्पन्न ४९,४५० डॉलरपर्यंत असेल तर त्या मर्यादेत बसणाऱ्या दीर्घकालीन नफ्यावर फेडरल कर शून्य. मात्र चोवीस वर्षांच्या आतला, पूर्णवेळ शिकणारा आणि स्वतःच्या कमाईवर न जगणारा मुलगा असेल तर मुलांच्या गुंतवणुकीच्या उत्पन्नावरचा 'किडी टॅक्स' आडवा येतो आणि तुमच्याच दराने कर लागतो.

रोख रक्कम: इथे उगाच घाबरतात

"एकोणीस हजारांच्या वर दिलं की टॅक्स बसतो" हा समज काही केल्या जात नाही. २०२६ मध्येही वर्षाला माणशी १९ हजारांची मर्यादा आहे आणि ती ओलांडली तर देणाऱ्याने फॉर्म 'सातशे नऊ' भरायचा असतो, एवढंच. जास्तीची रक्कम दीड कोटीतून वजा होते. घेणाऱ्याला अमेरिकेत फेडरल कर नाही.

मुलाच्या डाउन पेमेंटसाठी एक लाख द्यायचेत. आई-बाबांनी प्रत्येकी १९ हजार मुलाला आणि १९ हजार सुनेला, असे चार चेक लिहिले तर ७६ हजार मर्यादेतच बसतात. उरलेले २४ हजार दोघांच्या फॉर्मवर बारा-बारा हजार असे दाखवले की झालं. सुनेच्या नावाने वेगळा चेक लिहायला काही घरांत जीभ अडखळते, हा मुद्दा निराळा.

नातवंडांच्या शिक्षणाला याहून मोकळी वाट आहे. ट्यूशन फी थेट विद्यापीठाला भरली तर तिला मर्यादाच नाही आणि ती १९ हजारांत मोजलीही जात नाही. हॉस्टेल, मेस आणि पुस्तकं यात येत नाहीत. दवाखान्याचं बिल थेट दवाखान्याला भरलं तरी हाच नियम. मात्र पैसे आधी मुलाच्या खात्यात टाकून मग त्याने भरले, तर ही सवलत गेली.

भारतात भावंडांना किंवा पुतण्या-भाच्यांना पाठवत असाल, तर तिकडचा नियम बघा. काका, मामा किंवा आत्याकडून पुतण्याला वा भाच्याला आलेली भेट भारतात करमुक्त आहे. पण पुतण्याने काकांना वर्षात पन्नास हजार रुपयांहून जास्त दिले, तर काकांना त्या सगळ्या रकमेवर कर लागतो, कारण घेणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर कायद्याच्या 'नातेवाईक' यादीत पुतण्या बसत नाही. आणि २०२६ पासूनचा एक टक्का रेमिटन्स टॅक्स रोख किंवा मनी ऑर्डर देऊन पाठवलेल्या पैशांवर आहे. अमेरिकी बँकेच्या खात्यातून पाठवणाऱ्यांनी त्याची चिंता करू नये.

घर: 'मुलाचं नाव लावून ठेवू'

आपल्याकडची ही जुनी सवय इथे महागात पडते. न्यू जर्सीत १९९९ मध्ये अडीच लाखांना घेतलेलं घर आज साडेआठ लाखांचं आहे असं धरू. आई-बाबांनी स्वतः विकलं तर सहा लाखांच्या नफ्यातले पाच लाख करमुक्त. पश्चात मुलाला मिळालं तर स्टेप-अप. दस्तावर आत्ताच मुलाचं नाव लावलं आणि तो दुसऱ्या गावी राहत असेल, तर त्याच्या हिश्शाला दोन्ही सवलती धड मिळत नाहीत. त्याचा घटस्फोट झाला किंवा धंद्यात कर्ज झालं तर घरावर बोट ठेवणारे आणखी निघतात. प्रोबेटची, म्हणजे मृत्यूनंतरच्या कोर्टातल्या वारसा प्रक्रियेची, कटकट टाळायची असेल तर रिव्होकेबल लिव्हिंग ट्रस्ट, म्हणजे हयातीत कधीही बदलता येणारा ट्रस्ट, करा. घर तुमच्याच ताब्यात राहतं आणि स्टेप-अपही टिकतो.

जोडीदार गेल्यावर काय होतं, ते राज्यावर अवलंबून आहे. कॅलिफोर्निया, टेक्सास, वॉशिंग्टन अशा कम्युनिटी प्रॉपर्टी राज्यांत, म्हणजे लग्नानंतरची कमाई दोघांची सामाईक मानणाऱ्या राज्यांत, पहिल्या मृत्यूनंतरच अख्ख्या घराचा बेसिस वर जातो. न्यू जर्सीसारख्या राज्यात निम्म्याचाच.

पुण्यातल्या फ्लॅटला दोन वह्या लागतात. वारसाने मिळाल्यावर अमेरिकेच्या वहीत बेसिस मृत्यूच्या दिवशीच्या भावाचा, पण भारताच्या वहीत वडिलांचीच खरेदी किंमत, किंवा त्यांनी २००१ च्या आधी घेतला असेल तर १ एप्रिल २००१ चा भाव. विकताना भारतात १२.५ टक्के भरावे लागतात आणि अमेरिकेत नफाच दिसत नसल्याने त्या कराची वजावट घ्यायला तिथे फारसं काही उरत नाही. तरीही हयातीत बक्षीसपत्र करण्यापेक्षा हेच स्वस्त, कारण बक्षीसपत्रात दोन्ही वह्यांत जुनीच किंमत चालू राहते. भावाभावांत वाद होणार अशी धाकधूक असेल तर मात्र बक्षीसपत्र करून मोकळं होण्यालाही किंमत आहे, ती करात मोजता येत नाही.

पुण्यात राहणाऱ्या आई-बाबांचं गणित वेगळं

अमेरिकेचे नागरिक नसलेल्या आणि इथे कायम वास्तव्याचा इरादा नसलेल्या माणसाला ती दीड कोटींची सूट नाहीच. त्याच्यासाठी सूट ६० हजार डॉलर, वर्षानुवर्षं तेवढीच. अमेरिकी कंपन्यांचे शेअर्स कुठेही बसून, कुठल्याही ॲपवरून घेतले तरी ते अमेरिकेतली मालमत्ता मानले जातात. भारताचा अमेरिकेशी इस्टेट टॅक्सचा करारही नाही. हल्ली आरबीआयच्या एलआरएस योजनेतून (परदेशी पैसे पाठवण्याची मुभा देणारी योजना) असे शेअर्स घेणारे पुण्या-मुंबईत बरेच आहेत. बाबांकडे तीन लाख डॉलरचे अमेरिकी शेअर्स असतील आणि ते गेले, तर वजावटी सोडून कर ७४,८०० डॉलर. अमेरिकी बँकेतल्या साध्या ठेवी यातून सुटतात.

पण त्याच बाबांनी तेच शेअर्स हयातीत लेकीला भेट दिले, तर अमेरिकेचा गिफ्ट टॅक्स लागत नाही. अनिवासी माणसाने शेअर्ससारखी अमूर्त मालमत्ता दिली तर तो कर लागूच नाही. म्हणून वर सांगितलेलं सगळं इथे उलटतं: हयातीत द्या, किंवा निदान ६० हजारांच्या वरचं ठेवू नका. अमेरिकेतलं घर मात्र असं देऊ नये, त्यावर गिफ्ट टॅक्स आहे आणि वार्षिक १९ हजारांपलीकडे सूट नाही.

घेणारी लेक अमेरिकी करदाती असेल आणि परदेशी व्यक्तीकडून वर्षात एक लाखाहून जास्त मिळालं असेल, तर तिने फॉर्म '३५२०' भरायला हवा. कर शून्य, पण विसरल्यास दंड महिन्याला ५ टक्के, २५ टक्क्यांपर्यंत. ग्रीन कार्ड घेऊन मुलाकडे कायमचे राहायला आलेले आई-बाबा या ६० हजारांच्या गटात येत नाहीत. इथे व्हिसापेक्षा कुठे कायम राहायचं ठरवलंय, याला वजन आहे.

राहिलेल्या गोष्टी

४०१के आणि आयआरए या निवृत्तीच्या खात्यांना स्टेप-अप नाही. मुलांनी ती बहुधा दहा वर्षांत रिकामी करून कर भरायचा. म्हणून दानधर्म करायचा तर या खात्यांतून, आणि मुलांना शेअर्स, अशी वाटणी मला शहाणपणाची वाटते.

बऱ्याच राज्यांचे कायदे फेडरल सवलतीकडे बघत नाहीत. ओरेगनमध्ये दहा लाखांवर, मॅसॅच्युसेट्समध्ये वीस लाखांवर इस्टेट टॅक्स सुरू होतो. न्यू जर्सीने २०१८ पासून तो बंद केला, पण वारसा कर, म्हणजे वारसाला जे मिळतं त्यावरचा कर, ठेवला. मुलांना, नातवंडांना आणि जोडीदाराला माफ, पण पुतण्या-भाच्यांना १५-१६ टक्के. मूलबाळ नसलेल्या मावशीला भाच्याला द्यायचं असेल तर हयातीत, आणि तब्येत ठणठणीत असताना दिलेलं बरं, कारण मृत्यूपूर्वी तीन वर्षांत दिलेल्याकडे ते राज्य संशयाने बघतं.

दोघांतला एक जण गेला की राहिलेल्याने फॉर्म 'सातशे सहा' भरावा, कर शून्य असला तरी. गेलेल्याची न वापरलेली सूट त्यानेच राहिलेल्याकडे येते. वेळेत राहून गेलं आणि कर लागत नसल्याने एरवी तो भरणं बंधनकारक नव्हतं, तर मृत्यूपासून पाच वर्षांपर्यंत भरता येतो. आज तीस लाखांच्या इस्टेटीला हा खर्च उगाच वाटेल. दोन हजारांवर निभावत असेल तर मी तरी भरायला सांगेन.