बागेतली ओपन जिम: साठीनंतरच्या जड शरीराला कोणतं यंत्र कामाचं?

नागपुरातल्या बागांमध्ये सकाळी साडेसहाला एअर वॉकरपुढे नंबर लागलेले असतात आणि लेग प्रेस रिकामं पडलेलं असतं. वजन वाढलेल्या ज्येष्ठांच्या दृष्टीने हे नेमकं उलटं हवं.

एअर वॉकरला (उभं राहून पाय मागे-पुढे झुलवायचं यंत्र) पाचपैकी दीड गुण. एकदा रेटा दिला की पाय लंबकासारखे झुलत राहतात. स्नायूंवर भार येत नाही, दमही लागत नाही. ‘काका तीन महिन्यांपासून येऊन राहिले, पण काटा काही हलून नाही राहिला’ ही तक्रार बहुतेक इथलीच. आखडलेले गुडघे मोकळे करायला पाच मिनिटं ठीक. उतरताना मात्र पायऱ्या पूर्ण थांबू द्या, नाहीतर नडगीवर आदळतात.

लेग प्रेसला चार. तरफेवर बसवलेली सीट तुमच्याच वजनाचा भार पायांवर टाकते, त्यामुळे जड माणसाला जास्त भार आपोआप मिळतो. मांड्या आणि नितंब हे शरीरातले सर्वांत मोठे स्नायू. ते आकुंचन पावले की साखर आत घेणारी ग्लूट-4 ही प्रथिनं इन्शुलिनची वाट न पाहता पेशीच्या पृष्ठभागावर येतात. शिवाय पुढचा दिवस-दोन दिवस इन्शुलिनही जास्त चांगलं काम करतं. म्हणूनच सलग दोन दिवस दांडी नको. ढकलताना दोन सेकंद, परत येताना तीन ते चार. असं 10 ते 12 वेळा, मध्ये दीड मिनिट थांबून दोन-तीन फेऱ्या. गुडघा काटकोनापेक्षा जास्त दुमडू नका आणि ढकलून झाल्यावर ताठ लॉकही करू नका. श्वास रोखला तर रक्तदाब एकदम चढतो, म्हणून ढकलताना श्वास सोडा. एक गुण कापला तो भार वाढवायची सोय नाही म्हणून. महिना-दीड महिन्यात व्यायाम सोपा वाटू लागतो. मग परतीचा वेग आणखी कमी करा. गुडघे धड असतील तर एका पायाने करून बघा.

चेस्ट प्रेस (हातांनी पुढे ढकलायचं) आणि पुलर (हातांनी ओढायचं) तीन-तीन. बेअरिंग करकरत असेल तर झटके खांद्यावर येतात, ते यंत्र सोडा. कंबर फिरवायच्या ट्विस्टरला एक, तोही उदार मनाने: हाडं ठिसूळ झालेल्यांनी कंबर पिळूच नये. तोल सांभाळण्यासाठी एकही यंत्र नसतं. जागतिक आरोग्य संघटना 65 नंतर आठवड्यातून तीन दिवस तोलाचा व्यायाम सांगते. कठड्याला हात लावून टाचेला बोट जुळवत चाला, फुकट होतो.

आता वजनाचं. साठीनंतर शरीराचा मूळ ऊर्जाखर्च वर्षाला 0.7 टक्क्यांच्या आसपास घटतो, आकारमान जमेस धरूनही. 80 किलोचा माणूस ताशी 5 किलोमीटरने अर्धा तास चालला तर बसून राहण्यापेक्षा शंभरेक कॅलरी जास्त जाळतो. फाटकाबाहेरची तर्री-पोह्यांची एक प्लेट ती सहज भरून काढते. त्यात चरबी घटली की लेप्टिन हे भूक आवरणारं संप्रेरक उतरतं आणि भूक वाढते. त्यामुळे काट्यापेक्षा टेप आणि खुर्ची वापरा. कंबर पुरुषांची 90 आणि बायकांची 80 सेंटीमीटरच्या आत हवी. हात छातीवर बांधून खुर्चीतून पाच वेळा उठा-बसा. 12 सेकंद किंवा जास्त लागले तर पायातली ताकद कमी आहे.

ग्लिमेपिराइड (मधुमेहाची, साखर उतरवणारी गोळी) किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी, उपाशीपोटी जोर लावू नये. बीटा-ब्लॉकर (हृदयाचे ठोके कमी ठेवणारं औषध) चालू असेल तर घड्याळातल्या ठोक्यांवर जाऊ नका. बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, इतपत दम पुरे. आणि मे महिन्यात सातच्या आत उरका. ऊन चढल्यावर लोखंडी सीट चटके देते, रुमाल पुरत नाही.